‘पालथं झोपवलं होतं का?’ : एका तान्ह्या बाळाचा मृत्यू आणि आमचं फसलेलं ट्रेनिंग

पार्श्वभूमी

आधीच सांगते, यात वस्ती, वयं, वार सगळं इकडंतिकडं केलेलं आहे, त्यामुळे हे कोणतं पोलीस ठाणं आणि कोणतं हॉस्पिटल असले अंदाज बांधत बसू नका. मी फॉरेन्सिक मेडिसिनवाली, पुण्यात शिकवते, पीएम (शवविच्छेदन) करते आणि अधूनमधून पोलिसांची ट्रेनिंग घेते. त्या वर्षी डिसेंबरात असंच एक घेतलं होतं. विषय होता, वर्षाच्या आतलं बाळ अचानक दगावलं आणि कारण दिसत नाही, तर तिथे सगळ्यात आधी पोचणाऱ्या माणसाने काय करायचं. समोर चाळीस जण, बीट मार्शल, हवालदार, दोन-तीन पीएसआय, १०८ वरचे डॉक्टर, कॅज्युअल्टीचे एक-दोन आरएमओ. तीन तास, ८४ स्लाइड्स, मधे बटाटेवडा आणि चहा, शेवटी गुच्छ आणि ग्रुप फोटो. फीडबॅक फॉर्मवर जवळपास सगळ्यांनी ‘खूप छान माहिती मिळाली’ असं लिहिलं. मी खूश.

आणि माहिती खरंच दिली होती हो. सिड्स (सडन इन्फंट डेथ सिंड्रोम) म्हणजे काय, तर पूर्ण शवविच्छेदन, जागेची पाहणी आणि बाळाचा सगळा इतिहास हे तिन्ही करूनही कारण सापडलं नाही तरच ते नाव द्यायचं, तिन्हीपैकी एक जरी राहिलं तर नाही. असे मृत्यू दोन ते चार महिन्यांच्या बाळांमध्ये जास्त, सहा महिन्यांनंतर खूपच कमी. बाळाला पालथं झोपवणं, मऊ गादी, जाड पांघरूण, मोठ्यांच्या मधे झोपवणं यात धोका वाढतो. अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर झोपवा अशी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत तिथले हे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले, हेही सांगितलं. एक मोठा आलेख होता त्याचा, सगळ्यांनी मोबाइलवर फोटो काढले.

त्या आलेखाने पुढे घात केला, म्हणजे माझ्याच आलेखाने.

त्या सकाळी काय झालं

जानेवारी, पुण्यात थंडी चांगलीच पडलेली. नगर रोडच्या पट्ट्यातली एक चाळवजा वस्ती, दहा बाय बाराची खोली, वर पत्रा. कुटुंब मराठवाड्यातलं. वडील कंपनीत नाइट शिफ्टला, घरात आई, सासू, चार वर्षांचा मोठा मुलगा आणि साडेतीन महिन्यांची मुलगी. मुलीला आपण छकुली म्हणू. दोन दिवस आधी महापालिकेच्या लसीकरण सत्रात तिला चौदा आठवड्यांचे डोस दिले होते, त्याने अंग गरम, किरकिर, आशाताईंनी सांगितल्याप्रमाणे पॅरासिटामॉलचे थेंब चालू.

पहाटे पाचच्या सुमाराला आईला जाग आली, पाजायला घ्यावं म्हणून हात लावला तर बाळ गार. शेजारच्या रिक्षावाल्याने तसंच उचलून जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं, १०८ ला फोन करायचं कुणाला सुचलंच नाही. तिथल्या डॉक्टरने बघितलं, जबडा कडक झालेला, तरी आईकडे बघून पाच-सात मिनिटं छाती दाबली आणि मग ‘आणण्यापूर्वीच मृत’ लिहून पोलिसांना कळवलं. अंगाचं तापमान घेतलं नाही. नाकातून थोडा गुलाबी फेस आला होता तो सिस्टरने पुसून घेतला, वाईट दिसतं म्हणून. झबलं, दुपटं, मनगटातले काळे मणी असं सगळं काढून पिशवीत घालून घरच्यांच्या हातात दिलं. यातलं कुणी वाईट हेतूने केलं नाही, आपण सगळे तेच करतो, गेलेल्या लेकराचं तोंड पुसतोच ना.

ड्युटीवरचे हवालदार आले. आमच्या डिसेंबरच्या ट्रेनिंगला हे तिसऱ्या रांगेत बसलेले, माणूस चांगला, पंचवीस वर्षं नोकरी झालेली, काही विसरू नये म्हणून वहीत सगळं लिहून घेणारे. त्यांनी एडी (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल करायची तयारी केली, दोन पंच धरले आणि इन्क्वेस्टला, म्हणजे मृतदेहाच्या पंचनाम्याला, बसले. आई कोपऱ्यात, शेजारी सासू, आजूबाजूला वस्तीतले दहा-बारा लोक. आणि त्यांनी आईला पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, बाळाला पालथं झोपवलं होतं का?”

आई काही बोलायच्या आत सासू म्हणाली, “न्हाय न्हाय सायेब, उताणंच व्हतं लेकरू.”

आईने मान डोलावली. कागदावर आलं, ‘बाळ उताणे झोपलेले होते.’

त्याच पंचनाम्यात आणखी एक ओळ आली, ‘पाठीवर व कुल्ल्यावर निळसर काळे, मारल्यासारखे वण दिसून येतात.’

अडचण

दुपारी एकच्या सुमाराला पीएम. माझी रेसिडेंट करत होती, तिने मला बोलावलं, म्हणाली मॅडम कागदावर एक आहे आणि टेबलवर एक. मी गेले. मृत्यूनंतर रक्त अंगाच्या खालच्या बाजूला उतरतं आणि काही तासांनी तो रंग तिथेच पक्का होतो, त्यावरून शरीर कसं पडलं होतं ते कळतं. छकुलीच्या चेहऱ्याची उजवी बाजू आणि छाती जांभळट होती, पाठीवर अगदी पुसट, आणि नाकाचा शेंडा, हनुवटी फिकी, म्हणजे तेवढा भाग कशावर तरी टेकलेला होता. लेकरू पालथं होतं, आणि बराच वेळ होतं.

‘मारल्यासारखे वण’ मात्र वण नव्हतेच. आपल्याकडच्या बाळांना जन्मतःच कमरेवर, कुल्ल्यावर निळे डाग असतात, मंगोलियन स्पॉट म्हणतात त्याला, खूप बाळांना असतात आणि काही वर्षांत आपोआप जातात. तिथे छेद घेऊन बघितलं, कातडीखाली रक्त साकळलेलं नाही. एक्स-रे काढला, हाड कुठे मोडलेलं नाही. पण तोपर्यंत पंचनाम्यावर दोन पंचांच्या सह्या झाल्या होत्या आणि त्यातला एक पंच म्हणजे तोच रिक्षावाला शेजारी, त्यामुळे ‘मारल्यासारखे’ हा शब्द आमच्या आधी वस्तीत पोचला होता. पोरगी होती ना, म्हणून... असं वाक्य अर्धं सोडून लोक बोलायला लागले.

दुसरीकडे वेगळंच पेटलं. लस देऊन दोनच दिवस झालेले, त्यामुळे संध्याकाळी पंधरा-वीस जण महापालिकेच्या दवाखान्यावर गेले, सिस्टरला घेराव, ‘तुमच्या इंजेक्शनने पोर गेलं.’ एका पुढाऱ्याचा पोलीस ठाण्यात फोन.

आणि खोली? हवालदार पीएम होईपर्यंत थांबले, बॉडी ताब्यात दिली, दफनाला सोबत गेले (ही त्यांची माणुसकी, कुणी सांगितलं नव्हतं), आणि स्पॉट पंचनाम्याला खोलीवर पोचले तेव्हा पाच वाजत आले होते. तोवर सासूने गोधडी धुऊन दोरीवर वाळत घातली होती, गाद्या गुंडाळून कोपऱ्यात, फरशी शेणकाल्याने नाही पण फिनेलने पुसलेली, जिथे बाळ होतं तिथे कणकेचा दिवा. बघायला काही उरलंच नव्हतं. पंचनामा पाऊण पानाचा.

म्हणजे हिशेब असा, आईचा जबाब एक, बाळाचं शरीर दुसरंच सांगतंय, आणि जागा तर पुसून झालेली. आईने खोटं सांगितलं हे एव्हाना सगळ्यांना दिसत होतं. का सांगितलं हे विचारायच्या मूडमध्ये कुणी नव्हतं.

समोर काय काय पर्याय होते

पीआय साहेबांचं म्हणणं स्पष्ट होतं, डॉक्टर मॅडम तुम्ही ‘नाक-तोंड दाबून गुदमरल्याने मृत्यू’ असं लिहा, पुढचं आम्ही बघतो. निदान निष्काळजीपणाचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं १०६, जुनं ३०४ अ, आईवर लावता येईल. त्यात त्यांना आणखी एक धागा मिळाला होता, या बाईचं पहिलं मूलसुद्धा गेलेलं. “एक गेलं तर नशीब, दोन गेली म्हणजे मॅडम, बघायला पाहिजे.”

हे वाक्य ऐकल्यावर मी त्यांना इंग्लंडमधल्या सॅली क्लार्कची गोष्ट सांगितली. दोन बाळं गेली म्हणून तिला १९९९ मध्ये खुनाची शिक्षा झाली. एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने कोर्टात सांगितलं की अशा घरात दोन बाळं नैसर्गिकरीत्या जाण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक. हा आकडा कसा काढला, तर एका मृत्यूची शक्यता ८५४३ मध्ये एक धरली आणि तिला तिनेच गुणलं, जणू एकाच आईबापांच्या दोन लेकरांचा एकमेकांशी काही संबंधच नसतो. २००३ मध्ये ती सुटली, एका बाळाच्या शरीरात जंतुसंसर्गाचे रिपोर्ट होते ते बचाव पक्षापर्यंत पोचलेच नव्हते. सुटली आणि चार वर्षांत गेली. ऑस्ट्रेलियातली कॅथलीन फॉलबिग तर वीस वर्षं तुरुंगात काढून २०२३ मध्ये बाहेर आली, तिच्या मुलींमध्ये हृदयाशी संबंधित जनुकीय दोष सापडला. साहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ते परदेशातलं. मग मी छकुलीच्या आईच्या पहिल्या बाळाचे कागद मागवायला लावले, ते सातव्या महिन्यात झालेलं, दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या काचेच्या पेटीत गेलेलं. हा कागद मात्र त्यांना पटला.

दुसरा पर्याय म्हणजे सरळ ‘सिड्स’ लिहून मोकळं व्हायचं. घरच्यांनाही बरं, पोलिसांनाही बरं. मोह झाला, नाही म्हणणार नाही. पण जागा न बघता ते नाव देणं म्हणजे मीच डिसेंबरात शिकवलेलं मीच मोडणं. शिवाय खरी गोम अशी आहे की मऊ कापडात तोंड जाऊन गुदमरलेलं बाळ आणि सिड्सने गेलेलं बाळ, दोघांचं पीएम अगदी सारखं दिसू शकतं, नुसत्या टेबलवरून फरक सांगताच येत नाही, आणि त्याचमुळे ‘गुदमरून’ असं ठामपणे लिहिणंही तितकंच चूक.

तिसरा, मत राखून ठेवायचं, व्हिसेरा (विष तपासायला अवयवांचे नमुने) आणि हिस्टोपॅथॉलॉजी (अवयवांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला) पाठवायची, आणि मधल्या वेळात जागा आणि जबाब पुन्हा नीट करायचे. उशीर झाला होता तरी. आम्ही हा घेतला. कायद्याने अडचण नव्हती, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) १९४ खाली, जुनं १७४, चौकशी चालूच असते. अडचण होती ती पुढाऱ्याच्या फोनची आणि वस्तीची.

काय केलं

सगळ्यात आधी लसीचं. यात महापालिकेच्या मेडिकल ऑफिसरना खरंच मानलं पाहिजे. लसीनंतर असं काही गंभीर घडलं की एईएफआय म्हणून २४ तासांत कळवायचं असतं, ते त्यांनी त्याच रात्री केलं, उरलेल्या कुप्या आणि बॅच नंबर बाजूला ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईंना घेऊन त्या सत्रात डोस घेतलेल्या बाकीच्या अकरा बाळांच्या घरी स्वतः जाऊन आले. अकराच्या अकरा ठणठणीत, दोघांना थोडा ताप. मग त्यांनी वस्तीतल्या बायकांना एवढंच सांगितलं की या अकरा घरांत जाऊन तुम्हीच बघून या. गर्दी दुसऱ्या दिवशी आली नाही. सहा, दहा आणि चौदा आठवडे ही डोसची वेळ आणि अशा मृत्यूंचं वय एकच पडतं, त्यामुळे लस आणि मृत्यू पाठोपाठ येणं हे कधी ना कधी होणारच, आणि तो संबंध नाही हे परदेशात मोठ्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा तपासून झालंय. हे माझ्या ८४ स्लाइड्समध्ये कुठेच नव्हतं. पुण्यातल्या पोलिसाला आलेखापेक्षा हे जास्त कामाचं होतं, मला सुचलं नाही.

मग सहाव्या दिवशी आम्ही खोलीवर गेलो. मी आणि एक लेडी पीएसआय. गाडी मेन रोडला लावली, मॅडम साध्या ड्रेसवर. इंग्लंडमध्ये २००४ नंतर अशी पद्धत आहे की पोलीस आणि बालरोगतज्ज्ञ दोघांनी मिळून शक्यतो एक दिवसाच्या आत घरी जायचं, आमचे सहा दिवस गेले होते पण काहीच न करण्यापेक्षा बरं. जायच्या आधी तुळशीबागेतून एक कापडी बाहुली घेतली. लेकराएवढी लांब मिळाली पण वजनाला पिसासारखी, मग घरी उसवून त्यात तांदळाच्या पुरचुंड्या भरल्या, साडेपाच किलो होईपर्यंत. किचन काट्यावर बाहुली ठेवून वजन करताना मला पहिल्यांदा रडू आलं, पीएमच्या वेळी नव्हतं आलं.

आशाताईंनी सासूला चहाच्या निमित्ताने शेजारी नेलं. हे मुद्दाम. पीएसआय मॅडम खाली फरशीवर बसल्या, आईसमोर, वही बंद ठेवून. म्हणाल्या, “छकुलीबद्दल बोलायला आलोय आम्ही. त्या रात्री जेवणं झाली तिथपासून सांगा, जसं आठवेल तसं. मी मधे काही विचारणार नाही.” आणि खरंच विचारलं नाही. दोन-अडीच मिनिटं शांतता, तेवढ्या वेळात मी चार वेळा तोंड उघडलं असतं, मला सवय नाही गप्प बसायची.

मग आई बोलायला लागली. ताप होता, रडत होती, उताणी ठेवली की दचकायची, मांडीवर पालथी घेतली की शांत व्हायची. आत्याबाई (म्हणजे सासू) म्हणाल्या पालथीच निजव, मलाही तशीच निजवायची माझी आय. मग दोघींच्या मधे, दुमडलेल्या गोधडीवर पालथी, वरून आणखी एक गोधडी कारण थंडी. बाहुली हातात दिल्यावर तिने न सांगता सगळं करून दाखवलं, दुमड कुठे होती, तोंड कुणीकडे होतं, पहाटे हात लावला तेव्हा कसं होतं. पहाटेचं दाखवताना बाहुलीचं तोंड तिने सरळ खाली गोधडीत केलं आणि तशीच हात ठेवून बसली.

“मग त्या दिवशी उताणी का सांगितलं?” हे मॅडमनी विचारलं, पण आवाजात धार नव्हती.

“त्यांनी पयलंच तसं इचारलं ना. मला वाटलं पालथी सांगितली तर म्हंतील मीच मारली.”

मी हे ऐकलं तेव्हा मला तिसऱ्या रांगेतले हवालदार दिसले, वहीत लिहून घेत असलेले. त्यांनी माझ्या तीन तासांतली नेमकी एक गोष्ट पाठ केली होती, जी मीच सगळ्यात मोठ्या अक्षरात दाखवली होती. मी उत्तर शिकवलं होतं. मग त्यांनी ते उत्तर विचारलं. त्यांचं काय चुकलं?

आणखी एक गोष्ट त्याच खोलीत सापडली, आणि ती माझ्या नाही, पीएसआय मॅडमच्या नजरेला पडली. दाराजवळच्या शहाबादी फरशीवर ताटलीएवढा काळा गोल. हे काय विचारलं तर आई सहज म्हणाली, शेगडी. संध्याकाळी बाळाला शेक द्यायचा, धुरी द्यायची, मग थंडी फार म्हणून निखाऱ्यांची शेगडी रात्रभर तिथेच. खिडकीला जुनं लुगडं कोंबलेलं. सकाळी सासूचं डोकं जड होतं, पण अशा सकाळी डोकं कुणाचं दुखणार नाही?

बंद खोली, कोळसा, रात्रभर. कोळशातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बाळ मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतं. हे त्या सकाळी कळलं असतं तर पीएमच्या वेळी रक्ताची बाटली काठोकाठ भरून वर लिक्विड पॅराफिनचा थर देऊन त्यासाठी वेगळी पाठवली असती. आम्ही व्हिसेरा पाठवला होता, रक्त ठेवलंच नव्हतं. हे पोलिसांचं नाही, आमच्या टेबलचं चुकलं. त्या वायूने येणारा लालभडक रंग कातडीवर दिसला असता ना, असं रेसिडेंट म्हणाली. तर सावळ्या कातडीवर तो सहज दिसत नाही, आणि थंडीतही रंग गुलाबीकडे जातो, त्यामुळे रंगाच्या भरवशावर राहायचंच नसतं. इतका कमी खर्च येतो एक बाटली भरायला.

निष्पन्न

सीए रिपोर्ट (व्हिसेराची रासायनिक तपासणी) यायला चार महिने लागले, विष नाही. हिस्टोपॅथॉलॉजीत न्यूमोनिया नाही, हृदयाचा आजार नाही, नक्की असं काहीच नाही. मी शेवटचं मत दिलं ते असं, मृत्यूचं कारण निश्चित करता येत नाही, बाळ पालथं आणि मऊ अंथरुणात मोठ्यांच्या मधे झोपलेलं होतं ही नोंद, कार्बन मोनॉक्साइडची शक्यता तपासता आली नाही ही नोंद, मारहाणीच्या कोणत्याही खुणा नाहीत ही नोंद. पीआय साहेबांना हे आवडलं नाही, ‘निश्चित करता येत नाही’ म्हणजे डॉक्टरने हात झटकले असं त्यांना वाटतं, पण गुन्हा दाखल झाला नाही आणि एडीचे कागद कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे गेले.

हे घरच्यांना कोण सांगणार हा प्रश्न शेवटपर्यंत कुणाचाच नव्हता. रिपोर्ट फाइलला लागतो, फाइल कपाटात. शेवटी पीएसआय मॅडम आणि आशाताई जाऊन सांगून आल्या. वडिलांनी विचारलं, म्हणजे नेमकं कशानं? मॅडम म्हणाल्या, सगळं बघितलं दादा, नक्की सांगता येत नाही, पण कुणी काही केलेलं नाही एवढं कागदावर आहे. त्याने त्या कागदाची झेरॉक्स मागितली. वस्तीत दाखवायला.

सासूशी मी स्वतः बोलले शेगडीबद्दल, आरोप म्हणून नाही, घरात अजून एक लेकरू आहे म्हणून. तिने ऐकून घेतलं. पटलं की नाही सांगता येत नाही, पण पुढच्या थंडीत आशाताई गेल्या तेव्हा शेगडी दाराबाहेर होती.

आता करायचं तर

ट्रेनिंग मी मोडून नव्याने बांधलं. चाळीस नाही, एका वेळी बारा जण. स्लाइड्स नऊ, आलेख एकही नाही. हॉलमध्ये खडूने दहा बाय बाराची खोली आखतो, त्यात गाद्या, गोधड्या, दोरी, एखादी झोळी, कधी शेगडी कधी गॅस गीझरचं चित्र, कधी बाळगुटीची सहाण. सोशल वर्कची एक विद्यार्थिनी आई होते, एक ज्येष्ठ बाई सासू होतात आणि त्या इतक्या अस्सल मधे मधे बोलतात की हवालदार लोक घामाघूम. बीट मार्शलला काम एकच, पोचल्या पोचल्या अंथरुणाचा जसा आहे तसा फोटो, आणि घरच्यांना हात जोडून सांगायचं की गोधडी आज धुऊ नका, त्याचं कारणही सांगायचं. कारण नाही सांगितलं तर धुतातच, आणि का धुऊ नये? आपल्याकडे गेलेल्याचं अंथरूण ठेवत नाहीत. १०८ चे आणि कॅज्युअल्टीचे डॉक्टर तापमान घेऊन वेळेसकट लिहितात, फेस दिसला तर आधी लिहितात मग पुसतात, कपडे कागदी पिशवीत पोलिसांकडे. आईला बाळ मांडीवर घेऊ द्यायचं का यावर दर बॅचला वाद होतो, मी म्हणते द्या, शेजारी एक जण उभं राहून, नाही तर ती आई पुढे तुमच्याशी एक शब्द खरा बोलणार नाही.

पंचनामा लिहिण्याचा वेगळा एक तास. फोटो दाखवायचा, ‘मारल्यासारखे’, ‘दाबल्यासारखे’, ‘संशयास्पद’ हे शब्द न वापरता लिहायचं, रंग, माप, जागा, बस. हा तास सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त उपयोगी तोच आहे असं माझं मत, भांडायला तयार आहे.

बोलण्याच्या सरावात मी अजून पूर्ण समाधानी नाही. ‘मधे काही विचारणार नाही’ हे वाक्य सगळे म्हणतात आणि वीस सेकंदांत विचारतात. पहिला अर्धा तास सासू, नवरा, शेजारी यांना बाजूला कसं न्यायचं, खोली दहा बाय बाराची आणि बाहेर पन्नास माणसं, याचं उत्तर मला सापडलेलं नाही, दर वेळी आशाताई असतीलच असं नाही. शिवाय शिकवलेल्या बारातल्या पाच जणांच्या वर्षभरात बदल्या होतात. आणि एक गोष्ट मी आधी धरलीच नव्हती. दुसऱ्या बॅचला एक तरुण कॉन्स्टेबल बाहुली हातात घेतल्या घेतल्या बाहेर निघून गेला, त्याच्या घरी दोन महिन्यांचं बाळ होतं. आता मी सुरुवातीलाच विचारते, आणि ज्याला नको त्याला फोटो काढायचं काम देते.

ते हवालदार आता ट्रेनिंगला माझ्यासोबत येतात. मी त्यांना त्या सकाळीबद्दल काही बोलायला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या बॅचला स्वतःच उभे राहिले, म्हणाले, “मी पहिला प्रश्न काय विचारला होता ते सांगतो, तो तुम्ही विचारू नका,” आणि पूर्ण सांगितलं, ‘मारल्यासारखे’सकट. हॉलमध्ये कुणी मोबाइल काढला नाही.

बाहुली त्यांच्याच ठाण्यात असते. मागे एका नवीन कारकुनाने ती मुद्देमाल म्हणून नोंदवायला घेतली होती, तेव्हापासून तिच्या पाठीवर मार्करने मोठ्या अक्षरात ‘ट्रेनिंग’ लिहिलंय. तांदळाला पावसाळ्यात पोरकिडे झाले, आता वाळू भरलीय. वजन तेच ठेवलंय, साडेपाच.